घरचा कॉम्प्युटर: दुरुस्त करायचा की बदलायचा?

कॉम्प्युटर सात-आठ वर्षांचा झाला, हळू चालतो, म्हणजे आता नवाच घ्यायला हवा असं पुष्कळांना वाटतं. नुसत्या वयावरून हे ठरवू नका. कोणता भाग थकलाय ते आधी बघा. काही भाग बदलले की तीच मशीन आणखी काही वर्षं व्यवस्थित चालते. काहींवर घातलेले पैसे मात्र वाया जातात.

पहिली तपासणी घरीच होते. कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं थांबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. कुठलंही काम चालू नसताना डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर बहुतेक वेळा दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं असतं. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारं टोक प्रत्येक फाइलसाठी जागा बदलतं. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचते, म्हणून सगळा वेळ तिथेच जातो. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत डेटा चिपवर राहतो, फिरणारं काहीच नसतं. घरगुती कामाला २५६ जीबीची, अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी पुरते. जुन्या डिस्कवरचा डेटा तेवढ्यात मावत असेल तर ती क्लोन करता येते, म्हणजे जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते, विंडोज नव्याने टाकावी लागत नाही. एकाच भागावर खर्च करायचा असेल तर आम्ही हाच सुचवू.

जुनी डिस्क फोटोंसाठी ठेवायची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने ती तपासा. रीअलोकेटेड किंवा करंट पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचा) आकडा वाढत असेल, तर त्याच दिवशी बॅकअप घ्या. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, म्हणजे रॅम, सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर ती वाढवा, ४ची ८ जीबी करा. डीडीआर३ आणि डीडीआर४ हे रॅमचे वेगळे प्रकार, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही, म्हणून दुकानात येताना जुनी पट्टी सोबत आणा. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीपुढची रॅम ती वापरूच शकत नाही. आधी ६४-बिट टाकावी लागेल.

काही बिघाड दिसतात मोठे, असतात किरकोळ. दर वेळी तारीख मागे जाते आणि वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणतात? मदरबोर्डवरचा (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवरचा) सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. बीप वाजते पण स्क्रीन काळीच? प्लग काढून रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा. कोकणासारख्या दमट हवेत त्यांवर थर चढतो. काम करता करता अचानक बंद पडतो? पंख्यातली धूळ, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता वाहून नेणारा लेप), मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, या क्रमाने बघा. एसएमपीएस घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक व्होल्टेज राहतं.

मदरबोर्ड गेला असेल तर मात्र हात आवरा. जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) बोर्ड बहुधा वापरलेलाच मिळतो आणि त्याचा भरवसा नसतो. एकूण खर्च नव्या कॉम्प्युटरच्या तिसऱ्या हिश्शावर जात असेल, तर दुरुस्ती करू नका असंच आम्ही सांगतो.

दुसरी मर्यादा विंडोजची. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने आणली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आय५-८४०० आठव्या पिढीचा, आय५-७४०० सातव्या. नेटबँकिंग करत असाल तर अपडेट बंद झालेल्या विंडोजवर ते करू नका. फक्त टायपिंग, व्हिडिओ आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून जुनी मशीन चालवता येते.

नवा घ्यायचं ठरलं तर जुना देण्याआधी मराठी टायपिंगचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट आणि सॉफ्टवेअरचा डोंगल (ज्याशिवाय ते चालत नाही ती यूएसबीत लावायची किल्ली) काढून ठेवा. फॉन्ट हरवला की जुन्या फाइली उघडतात, पण मजकूर वाचता येत नाही. क्विक फॉरमॅटने हार्ड डिस्कवरचा डेटा पुसला जात नाही, म्हणून डिस्क स्वतःकडेच ठेवा आणि बाकीचा कॉम्प्युटर भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या.