ब्लिंक (डॉक्टर हू)

'ब्लिंक' हा बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचा 9 जून 2007 रोजी प्रसारित झालेला भाग. 1963 साली सुरू झालेली मालिका 1989 मध्ये बंद पडली आणि 2005 मध्ये नव्याने सुरू झाली. या नव्या पर्वाच्या तिसऱ्या सीझनमधला हा दहावा भाग. लेखन स्टीव्हन मोफॅट यांचे, तर दिग्दर्शन हेटी मॅकडॉनल्ड यांचे आहे. 1985 नंतर मालिकेला लाभलेल्या त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. सुमारे 45 मिनिटांच्या या भागात रक्ताचा थेंबही दिसत नाही, तरी मालिकेतला सर्वांत भीतिदायक भाग कोणता असे विचारले की अनेक चाहते पहिले नाव याचेच घेतात.

मुळात हा भाग निघाला तो वेळापत्रकाच्या अडचणीतून. वर्षाला तेरा भाग आणि वर नाताळचा विशेष भाग, एवढे काम प्रमुख नटांच्या तारखांत बसेना. म्हणून दरवर्षी एक भाग डॉक्टर, म्हणजे मालिकेचा कालप्रवासी नायक, जवळजवळ नसलेला असा करत. इथे डॉक्टर (डेव्हिड टेनंट) आणि त्याची सोबतीण मार्था (फ्रीमा अग्येमन) बव्हंशी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच दिसतात. कथेचा भार केरी मलिगन या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या अभिनेत्रीने सॅली स्पॅरो या भूमिकेत पेलला आहे. कथाबीज मोफॅट यांच्याच, 'डॉक्टर हू'च्या 2006 च्या वार्षिकासाठी लिहिलेल्या लघुकथेत आहे.

वेस्टर ड्रमलिन्स नावाच्या ओसाड घरात सॅली फोटो काढायला शिरते. भिंतीचा सुटलेला कागद ओढत जाते तशी खालची अक्षरे उघडी पडतात: रडणाऱ्या देवदूतापासून सावध राहा. कागद आणखी निघतो, आता तिचेच नाव येते आणि खाली वाकण्याची सूचना. ती वाकते आणि खिडकीची काच फोडून आलेला दगड तिच्या डोक्यावरून जातो. मजकुराखाली सही डॉक्टरची आणि साल 1969.

देवदूतांचे नियम. वीपिंग एंजल्स, म्हणजे हे रडणारे देवदूत, कोणीही पाहत असेपर्यंत दगड असतात. नजर हटली की हलतात, तेही अतिशय वेगाने. दोन देवदूतांची नजरानजर झाली तर दोघेही कायमचे थिजतील, म्हणून ते डोळ्यांवर हात घेतात. 'रडणारे' हे नाव त्यावरून पडले. त्यांचा स्पर्श झाला की माणूस भूतकाळात फेकला जातो आणि त्याच्या इथल्या न जगलेल्या दिवसांची ऊर्जा ते खातात. सॅलीची मैत्रीण कॅथी 1920 सालच्या हल या इंग्लिश शहरात जाऊन पडते, तर पोलीस अधिकारी बिली 1969 मध्ये. बिली सॅलीला भेटतो तेव्हा पाऊस पडत असतो. त्याच दिवशी ती त्याला पुन्हा भेटते ते इस्पितळात, म्हातारा होऊन अखेरच्या घटका मोजताना. त्याच्यामागे आयुष्य सरून गेले आहे आणि खिडकीबाहेर पाऊस तोच आहे. सगळ्या भागातला सर्वांत हळवा प्रसंग हाच.

माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी लववतो, म्हणजे एकट्याने पुतळ्यावर नजर रोखणे काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. दोघांनी आळीपाळीने पापण्या मिटल्या तर निभावते. सॅली आणि लॅरी (कॅथीचा भाऊ) यांचे चुकते ते इथेच: दोघेही एकाच वेळी डीव्हीडीच्या पडद्याकडे बघत राहतात आणि मागे पुतळा दारात येऊन पोचलेला असतो. तळघरात देवदूत आणखी हुशारी करतो. नुसते बोट बल्बकडे रोखतो आणि दिवा मिणमिणू लागतो. अंधारात उघड्या डोळ्यांचाही उपयोग नाही.

रचना. सॅलीकडे असलेल्या 17 डीव्हीडींमध्ये डॉक्टरचे एक छुपे चित्रण आहे. प्रकाशन व्यवसायात शिरलेल्या बिलीने ते तिथे घातलेले. त्यात डॉक्टर एकटाच बोलतो, मध्ये थांबतो, आणि त्या रिकाम्या जागांत सॅलीची वाक्ये नेमकी बसतात. लॅरी तिचे बोलणे लिहून काढतो. वर्षभराने डॉक्टर तिला रस्त्यात भेटतो, पण त्याच्या आयुष्यात हे सारे अजून घडायचे आहे. ती तो कागदांचा गठ्ठा त्याच्या हाती देते, आणि 1969 मध्ये अडकल्यावर डॉक्टर त्यावरूनच बोलतो. म्हणजे संवाद मुळात कोणी रचलाच नाही. हे वर्तुळ दुसऱ्यांदा पाहतानाही कुठे उसवत नाही, हे या पटकथेचे मोठे यश.

भीतीची घडण. पुतळे म्हणजे दगडी दिसणाऱ्या रंगभूषेत निश्चल उभ्या राहिलेल्या अभिनेत्री. हालचाल पडद्यावर एकदाही दिसत नाही. ती दोन शॉटच्या सांध्यात होते. आधी झाकलेला चेहरा, मग उघडा, मग पसरलेले हात आणि सुळे. बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पात्रांपैकी कोणी बघत नसले तरी कॅमेरा रोखलेला असेपर्यंत देवदूत हलत नाहीत. म्हणजे पाहणाऱ्यांत आपलीही गणती आहे. 'स्टॅच्यू' म्हटले की जागच्या जागी थिजणारी आपल्याकडची मुले या खेळाचा अर्धा भाग आधीच जाणतात; पाठ फिरली की पुढे सरकायचे, हा दुसरा अर्धा भाग ब्रिटिश मुलांच्या खेळात असतो.

शेवटी चारही देवदूत टार्डिसला (पोलीस बॉक्सच्या रूपातले डॉक्टरचे कालयान) घेरून ती गदगदा हलवतात. टार्डिस विरून जाते आणि मध्ये काहीच न उरल्याने ते एकमेकांकडे पाहत थिजतात. सुटका शस्त्राने नव्हे, त्यांच्याच नियमाने होते.

या भागाला 2008 चा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला आणि मोफॅट यांना लेखनासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार. देवदूत पुढेही येत राहिले. 2010 च्या 'फ्लेश अँड स्टोन'मध्ये मात्र ते आपल्या डोळ्यांदेखत माना वळवताना दिसतात. तो प्रसंग अंगावर येतो हे खरे, पण प्रेक्षकाची नजर त्यांना रोखू शकते हा 'ब्लिंक'मधला करार तिथे मोडला.