पानांनी न पोहणारा सी-ड्रॅगन

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात राहणारा लीफी सी-ड्रॅगन हा समुद्रघोड्याचा नातलग अंगावरची पाने वल्ह्यांसारखी हलवत पोहतो, असे मुलांना बरीच वर्षे सांगितले जाते; ते खरे नाही. ती पाने म्हणजे त्याच्या त्वचेचेच फाटे असून त्यांचे काम शैवालात बेमालूम मिसळण्याचे आहे. हा मासा पोहतो तो मानेवरच्या आणि पाठीवरच्या पातळ परांनी, आणि हे पर जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे, अगदी जवळून पाहिले तरच त्यांची भराभर चाललेली थरथर दिसते. एरवी शैवालाचा तुकडा आपोआप वाहत चालल्यासारखा वाटतो. (फसगत होते ती इथेच, आणि त्यात पाहणाऱ्याचा फारसा दोष नाही.)

समुद्रघोड्याप्रमाणे तो शेपटीने गवताला धरून राहतो, हाही गैरसमजच, कारण त्याच्या शेपटीला तशी पकड नसते. पिल्ले नराच्या पोटपिशवीत वाढतात, हे समुद्रघोड्याबाबत खरे असले तरी इथे पिशवीच नाही: मादीने दिलेली सुमारे 250 अंडी नर शेपटीखालच्या मऊ त्वचेवर चिकटवून, ती फुटेपर्यंत उघड्यावरच वागवतो.