‘बॅड लिप रीडिंग’ स्पॅनिशमध्ये नेताना

निपाणी, खानापूर, बेळगावकडची पोरं कुस्तीच्या फडाच्या नाहीतर क्रिकेटच्या मॅचच्या व्हिडिओवर आपल्या बोलीतला आवाज चढवतात. पैलवान ओठ हलवतो आणि ऐकू येतं, ‘काय करुलास बे?’ याच जातीचं, जगभर गाजलेलं काम म्हणजे २०११ मध्ये सुरू झालेलं ‘बॅड लिप रीडिंग’ (म्हणजे ओठ चुकीचे वाचणं) हे यूट्यूब चॅनेल. अमेरिकन फुटबॉलपटूंवरचा त्यांचा ‘द एनएफएल : अ बॅड लिप रीडिंग’ हा व्हिडिओ २०१३ मध्ये व्हायरल झाला.

गंमत उभी आहे ती ओठांवर. प, ब, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. आवाज न काढता ‘पाय, बाय, माय’ म्हणा. समोरच्याला फरक कळणार नाही. ओठ मिटायची जागा चुकली की मात्र डबिंग लगेच उघडं पडतं.

शीर्षक स्पॅनिशमध्ये नेताना पहिली अडचण क्रमाची. इंग्रजीत तीन शब्द नुसते शेजारी ठेवले की भागतं, स्पॅनिशला मध्ये ‘दे’ लागतो : ‘माला लेक्तुरा दे लाबिओस’. ‘माला’चं घाईत ‘माल’ केलं तर चूक, कारण ते आखडतं रूप पुल्लिंगी नामाआधीच चालतं आणि ‘लेक्तुरा’ स्त्रीलिंगी आहे. ‘लेक्तुरा लाबिआल’ बरोबर असलं तरी दवाखान्याचा वास येतो. ‘अ’साठी ‘उना’ ठेवावं, ‘एक फसलेला प्रयत्न’ ही छटा त्यातच आहे. एनएफएल म्हणजे लीग, म्हणून तिच्याआधी ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद. आणि नुसतं ‘फुत्बोल’ लिहिलं तर प्रेक्षक पायाने खेळायचा फुटबॉल बघायला येईल. ‘आमेरिकानो’ जोडावंच लागतं.

एक गोष्ट मात्र आयती मिळते. ‘माला’ म्हणजे वाईट, ‘बाला’ म्हणजे बंदुकीची गोळी, ‘पाला’ म्हणजे फावडं, आणि तिन्ही ओठांवर एकसारखे! इंग्रजी नावातल्या ‘बॅड’लाही ‘मॅड’, ‘पॅड’ अशी सोय आहेच.

आपल्याकडच्या व्हिडिओंना स्पॅनिश नाव देताना कुस्ती अडते. ‘लुचा लिब्रे’ लिहिलं की मेक्सिकोतल्या माणसाला मुखवटेवाले पैलवान दिसतात. ‘कुस्ती’च ठेवून पुढे ‘लुचा’ जोडलेलं बरं. यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, तेवढ्यात हे बसतं. खो-खोचं त्याहून अवघड. रोमन लिपीत नेहमीसारखं लिहिलं तर ते ‘को-को’ वाचतात. ‘ख’च्या जवळ जाणारं त्यांचं ‘खोता’ (J) हे अक्षर वापरावं, तर ते तिकडे सांताक्लॉजचं हसू होतं.