जुनी कॅड ड्रॉइंग्ज व्हॉल्टमध्ये घेण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

भोसरी-चाकणच्या बहुतेक छोट्या कारखान्यांत ड्रॉइंग्ज चार ठिकाणी सापडतात. सर्व्हरवर 'डिझाइन' नावाच्या फोल्डरमध्ये, सोडून गेलेल्या डिझाइनरच्या पीसीत, साहेबांच्या मेलमध्ये आणि मशीनशेजारी क्लिपला लावलेल्या तेलकट प्रिंटवर. डेटा मॅनेजमेंट प्रणाली (कॅड, म्हणजे संगणकावर काढलेली, ड्रॉइंग्ज एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, थोडक्यात व्हॉल्ट) घ्यायचं ठरलं की आम्हाला पहिला प्रश्न येतो, "हे सगळं आत टाकायला किती दिवस?" टाकायला फार दिवस लागत नाहीत. या चारांपैकी खरं ड्रॉइंग कोणतं, हे ठरवायला लागतात. आणि ते आम्ही ठरवू शकत नाही, तुमच्याच माणसांना ठरवावं लागतं.

सॉलिडवर्क्स पीडीएम असो की ऑटोडेस्क व्हॉल्ट, कल्पना एकच. प्रत्येक फाइलची अधिकृत जागा एक. काम करायचं तर फाइल चेक-आउट करायची. तोवर बाकीच्यांना ती फक्त बघता येते. काम संपलं की चेक-इन. मागची आवृत्ती पुसली जात नाही, आणि मंजुरीशिवाय रिव्हिजन (ड्रॉइंगचा सुधारणा क्रमांक) पुढे सरकत नाही. पण ही शिस्त फाइल आत आल्यानंतरची. चुकीची फाइल आत गेली, तर प्रणाली ती चूकही तितक्याच इमानदारीने सांभाळते.

लाल पेनापासून सुरुवात

म्हणून आमचा माणूस पहिल्या दिवशी सर्व्हर रूममध्ये जात नाही, शॉप फ्लोअरवर जातो. टूल रूममधल्या प्रिंटवर लाल पेनाने '१२ ऐवजी १२.५' लिहिलेलं असतं, खाली कोणाची तरी सही. गेली कित्येक वर्षं भाग १२.५ चाच बनतोय, ग्राहकाकडे पासही होतोय, आणि कॅड फाइलमध्ये अजून १२ आहे. अशा प्रिंट आधी गोळा करा. फाटक्या असल्या तरी फेकू नका. दुरुस्ती ग्राहकाने मान्य केलेली आहे की फोरमनने त्या दिवशी वेळ मारून नेली होती, हे विचारून घ्या. त्यानंतरच फाइल सुधारायची.

तारखेवर भरवसा नको

ही चूक आम्ही स्वतः एकदा केली आहे. एकाच नावाच्या तीन फाइल होत्या. सर्वांत अलीकडच्या तारखेची घेतली. नंतर कळलं, कोणीतरी जुनं रिव्हिजन फक्त प्रिंट काढायला उघडलं होतं आणि बंद करताना सवयीने सेव्ह दाबलं होतं. जुनीच फाइल 'नवी' झाली. प्लेट कापून झाल्यावर फोन आला. तेव्हापासून आम्ही फाइलची तारीख फक्त इशारा म्हणून बघतो. निर्णय रिव्हिजन टेबल (ड्रॉइंगवरची बदलांची नोंद) आणि ग्राहकाचा मंजुरीचा मेल बघून होतो.

अक्षर-अक्षर सारख्या असलेल्या प्रती मात्र संगणक बिनचूक शोधतो, ते काम आमच्याकडे सोडा. अडचण 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल पाटील साहेब' यांच्यात असते. डॉसच्या काळातल्या नावांची तऱ्हा आणखी वेगळी. तेव्हा नावाला आठच अक्षरं मिळायची, त्यामुळे 'बीकेटी१२एआर२' म्हणजे नेमकं काय, हे नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक. ते काका निवृत्त होऊन गावी गेले असतील, तर एक फोन करून ठेवा. खरंच उपयोग होतो.

फाइल किती जुनी आहे, हे घरच्या घरी कळतं. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या) फाइलची प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली सहा अक्षरं वाचा. एसी१००९ असेल तर ऑटोकॅड रिलीज ११ किंवा १२ ची, एसी१०१५ असेल तर २००० ते २००२ मधल्या आवृत्त्यांची, एसी१०३२ असेल तर २०१८ किंवा नंतरची. सेव्ह न करता बंद करा. प्रो-ई (प्रो-इंजिनिअर हे कॅड सॉफ्टवेअर) वापरत असाल तर फाइलच्या शेवटी .१, .२, .७ असे आकडे दिसतील. त्यात सर्वांत मोठा आकडा शेवटच्या सेव्हचा.

कृपया एक्सप्लोररमध्ये आवराआवर करू नका

आम्ही येणार म्हणून काही ग्राहक आदल्या दिवशी फोल्डर नीट लावून ठेवतात. हेतू चांगला, पण आमचं काम दुप्पट होतं. सॉलिडवर्क्सच्या असेंब्लीत (अनेक भागांच्या जुळणीच्या फाइलीत) सुटे भाग साठवलेले नसतात, ते कुठे आहेत याचे पत्ते असतात. भागाचं नाव विंडोजमध्ये बदललंत की असेंब्लीला तो सापडत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या फोल्डरमधला त्याच नावाचा वेगळाच 'ब्रॅकेट' उचलला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑटोकॅडमध्ये एक्सरेफ (बाहेरची दुसरी ड्रॉइंग फाइल) जोडलेल्या ड्रॉइंगचं असंच होतं. हलवायचंच असेल तर 'पॅक अँड गो' किंवा 'ई-ट्रान्समिट' (जोडलेल्या फाइलींसह सगळं एकत्र हलवणाऱ्या सोयी) वापरा, नाहीतर आहे तसं राहू द्या.

फाँटचाही घोळ होतो. कोणीतरी बाहेरून आणलेली एसएचएक्स (ऑटोकॅडच्या फाँटची) फाइल जुन्या पीसीतच राहते आणि नव्या मशीनवर व्यासाच्या किंवा कमी-अधिकच्या खुणेजागी प्रश्नचिन्ह येतं. टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) जागी प्रश्नचिन्ह असलेलं ड्रॉइंग व्हेंडरकडे गेलं तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून जुना पीसी भंगारात देण्याआधी आम्हाला दाखवा.

लिहिलेलं माप आणि काढलेलं माप

आमच्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट ही. घाईत डिझाइनर रेषा न बदलता मापाचा आकडा तेवढा हाताने टाइप करतो. कागदावर ४२ दिसतं, भूमिती ४० ची असते. कागद बघून मशीन चालत होतं तोवर निभावलं. आता तीच फाइल डीएक्सएफ (मशीनला देता येणाऱ्या स्वरूपात) करून लेझर कटिंगला जाते, आणि लेझरला आकडा वाचता येत नाही, तो रेषा कापतो. ऑटोकॅड ड्रॉइंग्जमधली अशी हाताने बदललेली मापं आम्ही आयात करताना शोधून वेगळ्या यादीत देतो. यादी बघून घाबरू नका, ती सगळ्यांकडेच निघते.

टायटल ब्लॉकमधली (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकोनातली) माहिती म्हणजे पार्ट नंबर, मटेरियल, रिव्हिजन. ती अॅट्रिब्यूटमध्ये (ब्लॉकच्या ठरलेल्या रकान्यांत) असेल तर आपोआप उचलता येते. ब्लॉक 'एक्सप्लोड' केलेला (फोडून सुटा केलेला) असेल तर तो नुसता मजकूर उरतो. मग शीटवरच्या जागेवरून अंदाज घ्यावा लागतो आणि प्रत्येक ओळ माणसाने तपासावी लागते.

सगळं आत घ्यायचं का?

नाही. ज्या भागांच्या ऑर्डरी चालू आहेत, ते आधी आणि नीट तपासून. बाकीचे, वाचता येतील पण बदलता येणार नाहीत, अशा जुन्या संग्रहात. परत ऑर्डर आली की त्यातला एकेक तपासून पुढे आणायचा. पुसून मात्र टाकू नका. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकानुसार भागाची मंजुरी, टूलिंग वगैरेंच्या नोंदी, भाग उत्पादनात आणि सर्व्हिसला चालू असेपर्यंत आणि वर एक कॅलेंडर वर्ष ठेवाव्या लागतात. ग्राहकाची वेगळी अट असेल तर ती लागू.

आम्ही फाइलमागे दर लावत नाही. तसा लावला तर कचराही आत घेण्यात आमचाच फायदा, आणि तो मोह नकोच. तपासून पूर्ण केलेल्या असेंब्लीमागे दर ठरतो.

पहिल्या भेटीला तीन गोष्टी तयार ठेवा: सध्या चालू असलेली एक असेंब्ली, तिच्या शॉप फ्लोअरवरच्या प्रिंट, आणि ती ड्रॉइंग्ज ओळखणारा माणूस, दोन तास, मोबाइल बाजूला ठेवून.