पार्श्वभूमी: डिक्शनरीतली मोजणी आणि आपोआप तयार होणारी की

पायथनमध्ये फाइलमधल्या नोंदी मोजताना होणाऱ्या बऱ्याच चुका एकाच प्रश्नापाशी येतात: जी की अजून डिक्शनरीत (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या ठेवणाऱ्या रचनेत) नाही, तिचं काय करायचं? मोज ही मोजणीची डिक्शनरी आणि विभाग ही ओळीतल्या विभागाच्या नावाची की धरली, तर मोज[विभाग] मध्ये १ मिळवायला सांगितलं की आधी जुनी व्हॅल्यू वाचली जाते. पहिल्या ओळीला ती नसतेच, म्हणून कीएरर (की सापडत नसल्याची चूक) येतो.

सुरुवातीला यावर हॅज_की ही मेथड वापरून की आहे का हे आधी विचारून घेत. २००१ अखेरच्या पायथन २.२ पासून तेच काम ‘इन’ करू लागला आणि २००८ च्या ३.० मधून हॅज_की काढून टाकलं. जुन्या स्क्रिप्ट ॲट्रिब्यूटएरर देऊन अडतात त्या इथेच. की नसल्यास ० देणारं गेट(विभाग, ०) सुटसुटीत आहे, पण ते फक्त वाचतं. बेरीज परत मोज[विभाग] मध्ये ठेवायची राहिली तर एरर येत नाही आणि डिक्शनरी रिकामी राहते. २००० सालच्या २.० मध्ये आलेलं, की नसल्यास दिलेली व्हॅल्यू साठवून ती परत देणारं सेटडीफॉल्ट याद्यांसाठी उत्तम, मोजणीसाठी निरुपयोगी: पूर्णांक जागच्या जागी बदलत नाही, आणि फंक्शनच्या कॉलपुढे += (मिळवून परत साठवणं) लिहिलं तर सिंटॅक्सएरर मिळतो.

२००५ मध्ये डिक्शनरीलाच दोन नव्या मेथड द्याव्यात असा प्रस्ताव आला, एक मोजणीची आणि एक यादीत भर घालण्याची. तो बारगळला. सप्टेंबर २००६ च्या २.५ मध्ये आला डीफॉल्टडिक्ट, म्हणजे नसलेल्या कीला ठरवलेली सुरुवातीची व्हॅल्यू देणारी डिक्शनरी, आणि त्याच्यासोबत आजवर त्रास देणारा निर्णय: नसलेली की चौकटी कंसाने नुसती वाचली तरी ती तयार होऊन डिक्शनरीत बसते. याद्यांसाठी हे अटळ होतं. नवी यादी साठवलीच नाही, तर तिच्यात ॲपेंड केलेली नोंद कुठेच राहणार नाही. मोजणीला मात्र याची गरज नव्हती, कारण += शेवटी स्वतःच व्हॅल्यू साठवतो. याद्यांची सोय मोजणीच्या माथी मारली गेली, असंच म्हणावं लागतं.

परिणाम रिपोर्ट छापताना दिसतो. मोज['लेखा'] शून्यापेक्षा मोठं आहे का, एवढं तपासलं तरी ‘लेखा’ ही की ० घेऊन आत येते. लेन (कींची संख्या) एकाने वाढतो आणि एकूण नोंदींना लेनने भागून काढलेली सरासरी घसरते. त्याच डिक्शनरीवर लूप चालू असताना हे घडलं तर आकार बदलल्याची तक्रार करत रनटाइमएरर येतो. तपासणीला ‘इन’ वापरावा. गेट वापरायचं तर दुसरा आर्ग्युमेंट ० द्यावाच. गेट डीफॉल्ट_फॅक्टरीकडे (सुरुवातीची व्हॅल्यू बनवणाऱ्या फंक्शनकडे) जात नाही, त्यामुळे नन (‘काही नाही’ ही व्हॅल्यू) हाती येतं आणि तुलनेत टाइपएरर होतो. मोजणी संपताच डीफॉल्ट_फॅक्टरी नन करून टाकणं सर्वांत पक्कं: पुढची चुकीची की लगेच कीएररने पकडली जाते.

जून २००९ च्या ३.१ मध्ये आणि पुढच्या वर्षी २.७ मध्ये आलेल्या काउंटर या मोजणीसाठीच्या डिक्शनरीने हा गुंता नीट सोडवला. नसलेल्या कीला तो ० सांगतो, पण ती आत घेत नाही. त्याचं अपडेट जुनी व्हॅल्यू पुसत नाही, तिच्यात मिळवतं. मात्र अपडेट(विभाग) असं लिहिलं तर नावातली अक्षरं मोजली जातात, अपडेट([विभाग]) हवं. शून्यावर आलेली कीही आपोआप जात नाही, डेलने काढावी लागते.

२०१८ च्या ३.७ पासून डिक्शनरीत की ज्या क्रमाने आल्या तो क्रम भाषेनेच हमी दिलेला आहे, त्यामुळे जास्त संख्येच्या नोंदी आधी देणाऱ्या काउंटरच्या मोस्ट_कॉमनमध्ये समान संख्येच्या नोंदी आधी भेटलेली आधी अशा येतात. ३.१० मध्ये सगळ्या मोजण्यांची बेरीज देणारं टोटल आलं.

यातलं काहीही मळकी की स्वच्छ करत नाही. एकच विभाग दोनदा दिसतो तेव्हा बहुधा फाइलच्या शेवटच्या ओळीला न्यूलाइन (ओळ संपल्याचं चिन्ह) नसतं आणि बाकीच्यांना असतं. स्ट्रिप (कडेची मोकळी जागा आणि न्यूलाइन काढणं) आधी, मोजणी नंतर. फक्त पहिलीच की वेगळी पडत असेल तर फाइलच्या तोंडाशी बीओएम (एन्कोडिंग सांगणारं अदृश्य चिन्ह) आहे: एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्यावं. डोळ्यांना दोन्ही की सारख्याच दिसतात, म्हणून त्या रेप्रमधून (लपलेली चिन्हंही दाखवणाऱ्या फंक्शनमधून) छापून पाहाव्यात.