बडोदे: दिव्यांग मुले आणि नेहमीची शाळा (पार्श्वभूमी)

सक्तीच्या शिक्षणाचा गायकवाडी इतिहास बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. 1893 ला अमरेलीत प्रयोग झाला आणि 1906 ला सगळ्या राज्यासाठी कायदा. दिव्यांग मुलांपुढे मात्र त्यानंतरही बराच काळ दोनच वाटा होत्या: वेगळी शाळा किंवा घर. 1964-66 च्या शिक्षण आयोगाने शक्य तिथे अशा मुलांना नेहमीच्या शाळेत घ्यावे असे सुचवले. 1974 पासून केंद्राच्या योजनेतून पुस्तके, गणवेश, प्रवासभत्ता मिळू लागला.

बडोद्यापुरता खरा टप्पा 1987 चा. एकात्मिक शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत शिकवण्याच्या प्रकल्पासाठी देशात दहा ठिकाणे निवडली गेली, त्यांत दोन महापालिका होत्या: दिल्ली आणि बडोदे. एखाददुसरी आदर्श शाळा उभारायची नाही, ठरलेल्या भागातल्या सगळ्याच शाळांनी या मुलांना घ्यायचे, ही त्यामागची भूमिका. सर्व शिक्षकांना आठवडाभराचे प्रशिक्षण, साधारण दहा टक्क्यांना सहा आठवड्यांचे आणि आठ-दहा जणांना वर्षभराचे. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवायचे आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, एवढे भान तर आठवडाभरातही येऊ शकते. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला तेवढे पुरत नाही. त्याच्याजवळ रोज बसून एकेक जोडाक्षर फोडून दाखवणारे माणूस लागते.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. पण त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी कायमची अडचण, नव्हती. 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि 2012 च्या दुरुस्तीने नवा वाद उभा केला. बहुविकलांग (एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या) आणि तीव्र, म्हणजे 80 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. बाजूने बोलणारे म्हणतात, अंथरुणाला खिळलेल्या मुलाला निदान घरी तरी कुणी शिकवेल. ते खरेच आहे. पण कायद्याने हा पर्याय मुलाला दिला आहे, शाळेला नाही. रॅम्प नाही, मदतनीस नाही, स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची जात नाही, अशा शाळेने ‘घरीच बरे’ म्हटल्यावर आईबापांनी निवडायचे तरी काय? दिव्यांग मुलाने कुठे शिकायचे, हा प्रश्न 1987 च्या प्रकल्पाने शाळेपुढे ठेवला होता. या तरतुदीने तो पुन्हा घरच्यांच्या गळ्यात आला.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 21 केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राआधी चाचणी आलीच. दांडिया बाजारातल्या घरात मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत गुजराती वाचणाऱ्या मुलाची चाचणी एकाच भाषेत घेतली, तर ते अक्षरांवर अडते की परक्या भाषेवर, हे कळणार नाही. त्याला दोन्ही भाषांत वाचायला लावून मगच निष्कर्ष काढायला हवा.