झोळीची दोरी कुणाच्या हातात होती?

जुन्या लुगड्याची झोळी, तुळईला बांधलेली. तिला एक लांब दोरी. आई चुलीपुढं भाकऱ्या थापणार आणि दोरी उंबऱ्यावर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरीच्या हातात. कोल्हापूरकडच्या शेतकरी घरांत कितीतरी पोरं अशी वाढली.

बालसंगोपन म्हटलं की आज्जी आठवते. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड यांचे मोजून वेढे उगाळलेली गुटी, टाळूवर तेल, बाळंतिणीची शेक-शेगडी. तो मान तिचाच. पण अंगात बळ असेतो आज्जीसुद्धा रानात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, जायचीच. दिवसभर कडेवर पोर वागवलं ते थोरल्या बहिणीनं, आणि तिचं नाव कुणी घेत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड, त्या काळी चांगलाच झोंबणारा. पण थोरलं शाळेत गेलं तर धाकटं कुणी बघायचं, हा घरातला पेच दंडानं सुटणारा नव्हता.

तो पेच नेमका हेरला बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, इथून लांब, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात. १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू झालं, पुढं ते कोसबाडला गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकट्याला घेऊन आलेली बहीण वर्गात बसू शकेल. ‘अंगणवाडी’ ही कल्पनाही ताराबाईंचीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. वजन, लसीकरण, खाऊ, गाणी, सगळं आलं. पण ती काही तासांत सुटते, रानातलं काम सुटत नाही. (सेविकेला मिळतं ते अजूनही ‘मानधन’. हा शब्द फार सोयीचा आहे.)

कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत १९४८ चा कायदा होता. तीसपेक्षा जास्त कामगार बायका असतील तर पाळणाघर हवं, असं त्यात होतं. इचलकरंजीत यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? चार-आठ मागांच्या शेडमध्ये तीस बायका कुठून येणार? ऊसतोडीच्या फडात तर झोळी आजही बैलगाडीखाली बांधलेली दिसते.

शहरात शिक्षिका, बँकेतल्या बायका यांची सोय शेजारच्या मावशींनी केली. दोन खोल्या, पाच-सहा पोरं, डबा घरचा. पाटी नसली तरी ते पाळणाघरच. २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. सत्ताविसाव्या आठवड्यात मात्र कोल्हापुरातली आज्जी पुण्याच्या गाडीत बसते, पिशवीत सहाण घेऊन. इकडं आजोबा डबा लावतात.